डिस्कचं झाकण कुणी उघडलं

१

डिस्क मेली होती, त्यात वाद नव्हता. तिला मारलं कुणी, एवढाच वाद होता.

पत्त्यांच्या जोडाएवढी ती काळी वस्तू काउंटरवर ठेवून बाई म्हणाली, "दोन कामं आहेत. एक, यातलं सगळं परत आणा. दोन, हे कुणी केलं ते मला कागदावर लिहून द्या. सहीशिक्क्यानिशी."

"शिक्का नाहीये माझ्याकडे," कंपौंडर म्हणाला.

त्याला सगळे कंपौंडरच म्हणायचे. सहा वर्षं त्यानं शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये मेलेल्या डिस्का उघडल्या होत्या. हात याचे, सही साहेबांची. मग एक दिवस साहेब घाई करत होते म्हणून यानं एक डिस्क गरजेपेक्षा एकदा जास्त चालू केली आणि कुणाच्या तरी लग्नाचा अख्खा अल्बम कायमचा गेला. त्यानंतर त्यानं नोकरी सोडली आणि शिलाई मशीनवाला नि चष्मेवाला यांच्या मधला दीड माणसाचा गाळा घेतला. ज्यांना डॉक्टर परवडत नाही ती माणसं कंपौंडरकडे येतात. नाव तिथून पडलं.

बाई डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती. बोलण्यात, चालण्यात, रागावण्यातसुद्धा ड्युटी.

"आई जाऊन सहा महिने झाले," ती म्हणाली. "घशाचा आजार. आवाज जाणार हे आधीच कळलं होतं. म्हणून जायच्या आधी तिनं बोलून ठेवलं. एकसष्ट रेकॉर्डिंग. सगळी बाबांसाठी."

"प्रेमाची?"

"कसली प्रेमाची! हीटरचं बटण उलटं आहे, वर म्हणजे बंद. दुधाच्या पातेल्यात आधी घोटभर पाणी घाला. शेजारच्यांनी सल्ला दिला तर हो म्हणा आणि करू नका." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावर अडकलं. "बाबांना साधा चहा येत नव्हता हो. पाच महिने त्यांनी याला हात लावला नाही. मग रोज सकाळी एक ऐकायला लागले. ऐकायचं आणि ते काम करायचं. तेवीस ऐकून झाली. चोविसाव्या दिवशी ही उठलीच नाही."

म्हणजे अडतीस सकाळी या डब्यात अडकल्या होत्या. कंपौंडरनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि केली नसती तर बरं, असं त्याला वाटलं.

त्यानं प्लॅस्टिकचं बाहेरचं केसिंग काढलं. आतली धातूची डिस्क तळहातावर घेऊन दिव्याखाली धरली.

"थांबा, जरा तशीच धरा," बाईनं फोन काढला. कोपऱ्यात तडा गेलेला, जुना. "पुरावा म्हणून." तिनं खटाखट पाच-सहा फोटो काढले. "आईचाच फोन आहे हा. ती गेल्यावर मी घेतला. दादाला नको होता, वहिनीला तर काय, आईचं काहीच नको असायचं." मग आवाज खाली आणून, "वहिनीच साफसफाईला खाली बाबांच्या दुकानात येते. मला दुसऱ्या कुणावर संशय नाही."

कंपौंडरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं होतं. डिस्कवरच्या लेबलाचा खालचा कोपरा तो बघत होता. तिथं लेबलाखाली एक स्क्रू लपलेला असतो. ज्याला डिस्क उघडायची असते तो घाईत लेबल फाडतो नाहीतर भोसकतो. इथं लेबल अख्खं होतं. फक्त कोपऱ्याला केसाएवढी सुरकुती होती.

"ताई," तो म्हणाला, "ही बिघडली ते एक वेळ सोडा. ही कुणीतरी उघडलीय. उघडून, परत लावून, लेबल चिकटवून ठेवलंय."

२

त्यानं डिस्क चालू केली नाही.

"लावून तर बघा!" बाई म्हणाली.

"नाही. आत आरशासारखी तबकडी असते आणि तिच्यावरून एक नाजूक हात तरंगत फिरतो. आत धूळ गेली असेल, तर तिचा एक कणसुद्धा त्या हाताला रस्त्यातल्या धोंड्यासारखा. चालू केली की तो हात आपटणार आणि जे वाचवायचंय तेच खरवडून काढणार. काय झालंय ते कळेपर्यंत हिला हात नाही."

एका जुन्या पावतीच्या पाठीवर त्यानं तीन ओळी लिहिल्या. पहिली: सॉफ्टवेअर. जवळजवळ फुकट. डिस्क धडधाकट असेल आणि नुसतं पुसलं गेलं असेल तरच. दुसरी: तो स्वतः. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची जुनी डिस्क शोधायची, तिचा हात काढून हिला बसवायचा. एखाद्या पगाराचा चतकोर जाईल. डिस्क नुसती पडली असेल तर चालेल. तिसरी: मोठी लॅब. वर्षभराचा पगार, आणि वर हमी नाही.

"म्हणजे खर्च किती, हे कुणी काय केलं त्यावर ठरणार," बाई म्हणाली.

"रोग कळल्याशिवाय औषध नाही. घरातल्या सगळ्यांना एकेक करून पाठवा. कुणाला काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा भाऊ आला. छापखान्यात कामाला होता. नखांत निळी शाई. मान खाली घालूनच स्टुलावर बसला.

"सॉफ्टवेअरनं बघा ना," पावती वाचून तो म्हणाला. "माझ्या मित्राकडे आहे. फुकटातलं."

"डिस्क कुणाची?"

"माझीच. जुन्या कॉम्प्युटरची. सात-आठ वर्षं झाली असतील." तो नखं खरवडत राहिला. "आईच्या फोनमधल्या कार्डात जागा संपली होती. हॉस्पिटलात होती तेव्हा मीच सगळं कट करून यावर टाकलं. नवी घेणार होतो. राहून गेलं. आता बहीण म्हणते माझ्या बायकोनं पाडली, बायको म्हणते होय मी पाडली, आणि बाबा तर तोंडच उघडत नाहीत. आमच्या घरात जेवणं वेगळी होती, आता बोलणं पण वेगळं झालंय."

"बायको म्हणते मी पाडली?"

"आज सकाळीच म्हणाली."

संध्याकाळ व्हायच्या आत ती आली. दारातच उभी राहिली. हातात रिकामा डबा.

"माझ्या हातून पडली," तिनं नमस्काराच्या आधीच सांगून टाकलं. "सोमवारी. कपाट पुसताना."

"कशावर?"

"फरशीवर."

"कोपऱ्यावर पडली की सपाट?"

ती क्षणभर थांबली. "कोपऱ्यावर. मग टिकटिक टिकटिक करायला लागली."

"मग उघडली कुणी?"

"मला काय माहीत? तुम्ही दुसऱ्या नंबरचं करा. पडलेल्याचं. पैसे मी देईन, ताईंना सांगू नका."

ती गेल्यावर कंपौंडरनं काळं केसिंग भिंगाखाली घेतलं. चारही कोपरे गुळगुळीत, नवे कोरे. फरशीवर पडलेलं प्लॅस्टिक असं राहत नाही. एवढासा ओरखडासुद्धा नव्हता.

पोरगी खोटं बोलत होती. आणि खोटं बोलायची मुळीच सवय नसलेल्या माणसासारखं बोलत होती.

३

गाळ्याच्या मागच्या भिंतीला एक काचेची पेटी होती, त्यानं स्वतः बनवलेली. वरून गाळलेली हवा खाली यायची. दोन भोकांतून रबरी हातमोजे आत गेलेले. तिथंच त्यानं झाकण उघडलं.

पहिल्यांदा स्क्रू पाहिले. सहाच्या सहा स्क्रूंच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. सगळे सारख्याच जोरानं आवळलेले. गल्लीतल्या मेकॅनिकचं हे काम नव्हतं. लॅबमध्येसुद्धा असं हळुवार काम करणारे दोनच हात त्याला माहीत होते, त्यातले दोन्ही त्याचे.

मग आत पाहिलं. तबकडीवर बोटाचा ठसा नाही. ज्यानं उघडली त्याला काचेला, आरशाला हात लावायचा नसतो एवढं ठाऊक होतं. पण तबकडीवर मधोमध एक बारीक गोल रेघ उमटली होती. धूळ. उघडल्यावर एकदा तरी डिस्क चालू केली होती. दुसरा पर्याय गेला. दुसऱ्या डिस्कचा हात आणून बसवला तर तोही त्याच रेघेवर आपटून मोडेल.

कडेला, हवा गाळायच्या छोट्या कापडापाशी, एक कण चिकटला होता. हिरवट. त्यानं चिमट्यानं टोचला. दबला आणि पुन्हा फुगला. मेण नाही, रबर नाही, भिजवलेल्या कणकेसारखं काहीतरी.

हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. पण कुठं, ते काही केल्या आठवेना.

सकाळी तो बाईच्या म्हाताऱ्या वडिलांच्या दुकानात गेला. आता उरले होते तेवढेच.

म्हातारा घड्याळजी होता. रस्त्याकडे काच, काचेमागे ठेंगणं टेबल, टेबलापुढे पाठीचं धनुष्य झालेला माणूस. कपाळावर वर सरकवलेलं भिंग. कोपऱ्यात एक लाकडी खोकं, त्यात भुशात बसवलेला छोटासा लेथ.

"विकताय?"

"शुक्रवारी माणूस येणार आहे न्यायला. चाळीस वर्षं या लेथवर चाकांचे आस घडवले. आता कोण घडवून घेतं? सगळे घड्याळ फेकतात, नवं घेतात." त्यानं कंपौंडरकडे पाहिलं. "तुमच्या मोठ्या लॅबला एवढ्यात भागेल ना?"

कंपौंडरनं पावती पुढे केली. म्हाताऱ्यानं तिन्ही ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. बोट सरळ शेवटच्या ओळीवर.

"लॅबच. बाकीचं काही नको."

"काका, दुसऱ्यात काम झालं तर लेथ वाचेल."

"दुसऱ्यात होणार नाही."

"कशावरून?"

म्हातारा उत्तर देता देता थांबला. भिंग डोळ्यावर ओढलं आणि पुढ्यातल्या घड्याळावर वाकला. "मला वाटतं, म्हणून म्हणालो." मग त्यानं बशीतून एक मऊ गोळा उचलला, बोटात मळला आणि घड्याळाच्या तबकडीवर अलगद टेकवला. उचलला तेव्हा तबकडीवरचा धुळीचा कण गोळ्याला चिकटून आला होता.

गोळा हिरवट होता.

४

गुरुवारी बाजार बंद असायचा. दुपारी चौघं घड्याळाच्या दुकानात जमली होती. शटर अर्धं खाली. बाई दाराशी उभी, हाताची घडी घालून. वहिनी भिंतीला टेकून, हातात डबा. भाऊ दोघींच्या मधे, जसा नेहमीच असावा. म्हातारा आपल्या टेबलामागे.

कंपौंडरला हे काम आवडत नव्हतं. डिस्क बोलत नाही, हेच तर तिचं सुख असतं.

"मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता," तो म्हणाला. "कुठलं औषध पाहिजे? आणि गंमत अशी की माणूस कुठलं औषध मागतो त्यावरून त्याला कुठला रोग ठाऊक आहे ते कळतं. दादांनी सगळ्यात स्वस्त मागितलं. कारण काय झालंय ते त्यांना ठाऊकच नाही. वहिनींनी पडलेल्या डिस्कचं मागितलं. कारण डिस्क पडली असं त्यांना आम्हाला पटवायचं होतं."

"पटवायचं म्हणजे?" बाई म्हणाली. "पाडलीच तिनं."

"नाही ताई. ती पडलेली नाही. एक कोपरासुद्धा दुखावलेला नाही. पण वहिनी म्हणाल्या, टिकटिक करत होती. तेवढं मात्र खरं असणार. जुन्या डिस्कचा हात निकामी व्हायला लागला की ती टिकटिकते. मग ती टिकटिक ऐकून कुणीतरी डिस्क उघडली."

भिंतीवर गिऱ्हाइकांची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती.

"एकाच माणसानं सगळ्यात महाग औषध मागितलं. किंमत न विचारता. त्यासाठी स्वतःचा लेथ विकायला काढला. कारण स्वस्तातलं चालणार नाही, हे त्या एकालाच ठाऊक होतं. आत काय झालंय ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं." कंपौंडरनं खिशातून एक पारदर्शक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत तो हिरवट कण होता. "काका, हा तुमच्या बशीतला आहे."

"बाबा?" बाईची घडी सुटली.

म्हाताऱ्यानं भिंग काढून ठेवलं.

"टिकटिक करत होती," तो म्हणाला. "तू हसशील, कंपौंडर. पंचेचाळीस वर्षांत टिकटिकणारी एक वस्तू माझ्यापुढे आली आणि मी हात टेकले, असं झालं नाही. मला वाटलं, ही तर आपल्याच घरातली. हिला मी नाही बरं करणार तर कोण? आत बघितलं तर आरसा. माझंच तोंड दिसलं त्यात. आणि एक धुळीचा कण. रबरी फुग्यानं फुंकर मारली, गोळ्यानं टिपला. घड्याळाला तसंच करतो. बंद केली. लावली." तो थांबला. "पाटीवर नखं ओढल्यासारखा आवाज आला. मी लगेच वायर ओढली. पण तेवढ्यात… तिचा आवाज मी माझ्या हातानं खरवडला रे."

भावानं तोंड फिरवलं. बाई वहिनीकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"डबा घेऊन आले होते. टिकटिक ऐकू आली, काचेतून दिसलं." वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताई, आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा टेबलाला बसले होते. भिंग लावून. इतके रंगले होते की मी आलेय हे कळलं नाही. मी तशीच परत गेले. मग तुम्ही चिडलात. म्हटलं, माझ्यावर राग धरला तर काय बिघडतं? सुनेवर धरतातच. बापावर धरलात तर तुम्हालाच झोप लागायची नाही."

अख्ख्या वॉर्डाला धारेवर धरणारी बाई, पण तिला त्या वेळी कुठं बघावं ते कळेना.

"मग लॅबलाच द्या," म्हातारा म्हणाला. "लेथ उद्या जातोय."

"लॅबही हमी देणार नाही, काका. रेघ नेमकी कशावरून गेलीय ते कुणालाच…" कंपौंडर बोलता बोलता थांबला.

त्याला आठवली होती भावाची नखं आणि त्यानं सहज टाकलेलं एक वाक्य.

५

"दादा, तुम्ही म्हणालात फोनच्या कार्डातून कट करून टाकलं. कॉपी नाही, कट."

"हो. माझंच चुकलं. कॉपी केली असती तर…"

"एक मिनिट. रेकॉर्डिंग फोनमध्ये होती की कार्डात?"

"कार्डात. फोन जुना, त्यात जागाच नव्हती."

"आणि ते कार्ड?"

सगळ्यांच्या आधी वहिनीला कळलं. तिनं नणंदेच्या हातातल्या तडा गेलेल्या फोनकडे पाहिलं.

"यातच आहे," बाई म्हणाली. "पण ते रिकामं होतं हो. मी फोन घेतला तेव्हा काहीच नव्हतं त्यात. मी फॉरमॅटसुद्धा केलं, नव्यानं सुरू करावं म्हणून."

"कट केलं किंवा फॉरमॅट मारलं, तरी कार्ड लगेच काही फेकून देत नाही," कंपौंडरचा आवाज आता भराभर यायला लागला. "ते नुसती दारावरची पाटी काढतं. घर आतल्या सामानासकट तसंच राहतं, नवीन बिऱ्हाड येईपर्यंत. दादा, तुमचं औषध बरोबर होतं. पेशंट चुकला होता. सॉफ्टवेअर, पण डिस्कला नाही, कार्डाला. लेथ उद्या कुठंही जायचा नाही."

भाऊ उठून उभाच राहिला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं.

बाई मात्र जागची हलली नाही. तिनं फोन उजेडात धरला होता आणि अंगठ्यानं पडदा वर सरकवत होती. वर, आणखी वर. ड्युटीच्या तक्त्याचे फोटो. पेशंटच्या रिपोर्टांचे. भाजीच्या यादीचा. पावसानं भिजलेल्या चपलांचा, काय म्हणून काढला होता कुणास ठाऊक. सहा महिन्यांचे.

"नवीन बिऱ्हाड म्हणजे हे का?" तिनं हळूच विचारलं.

कंपौंडरनं मान हलवली.

"मी रोज…" ती म्हणाली. "परवा तुमच्या दुकानात पण काढले. पुरावा म्हणून."

"फोन बंद करा ताई. आत्ता. आणि कार्ड माझ्याकडे द्या."

तिनं दिलं. नखाएवढं कार्ड, पण तिनं ते दोन्ही हातांनी दिलं. मग म्हणाली, "तो कागद नको मला. कुणी केलं त्याचा. नका लिहू."

वहिनी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

६

कार्डाला सॉफ्टवेअर लावून कंपौंडर दीड दिवस स्टुलावर बसून राहिला. आधी त्यानं कार्डाची जशीच्या तशी एक प्रत काढली, मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवलं आणि प्रतीवरच काम केलं. लॅबमध्ये शिकलेली ही एकच गोष्ट त्यानं साहेबांना न विचारता आयुष्यभर पाळली होती.

एकेक आवाज वर यायला लागला. काही पूर्ण. काहींच्या मधेच खरखर, पुढे नुसती शांतता. काहींची नुसती नावं उरली होती, आत भाजीची यादी. म्हाताऱ्यानं न ऐकलेल्या अडतीसांपैकी अकरा धड निघाली.

आणि एकसष्टावं, शेवटचं, अर्धवट.

ते साडेचार मिनिटांचं होतं, एवढं नोंदीवरून कळत होतं. पहिली चाळीस सेकंदं शाबूत होती. पुढचं काय झालं ते बघायला त्यानं त्या जागेवर जे काही होतं ते उघडलं.

फोटो होता. दिव्याखाली धरलेली एक डिस्क, लेबलासकट. अगदी स्पष्ट. आणि डिस्कच्या कडेला ती धरणाऱ्या माणसाचा उजव्या हाताचा अंगठा.

त्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाजवळचा जुना भाजल्याचा डाग फोटोतही होता.

थांबा, जरा तशीच धरा. आणि त्यानं धरली होती. फोन कुणाचा, त्यात कार्ड कुठलं, हे विचारायला एक वाक्य पुरलं असतं. बाईनं तर आपणहून सांगितलंही होतं, आईचाच फोन आहे म्हणून. तो लेबलाची सुरकुती बघत बसला होता.

शनिवारी सकाळी चौघं आली. गाळ्यात दीडच माणूस मावायचा, म्हणून म्हातारा आत स्टुलावर आणि बाकी तिघं काउंटरपलीकडे रस्त्यावर. शिलाई मशीनवाल्यानं न सांगता आपलं मशीन बंद ठेवलं.

कंपौंडरनं किती मिळाली, किती गेली ते सांगितलं. म्हातारा बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"अकरा सकाळी," तो म्हणाला. "कमी नाहीत. रोज एक ऐकेन. पण शेवटचं आत्ता लाव. शेवटी ऐकायचं ठरवलं आणि राहून गेलं तर?"

"काका, ते…"

"लाव."

त्यानं लावलं. आधी खोकल्याचा आवाज. मग बारीक झालेला, घासलेला, तरीही हुकूम सोडणारा आवाज.

"ऐकताय का? की दुकानात गेलात? हे शेवटचं हं. आता घसा ऐकत नाही माझं. सगळं सांगून झालं. हीटर सांगितला, दूध सांगितलं, शेजारी सांगितले. सुनेला ओरडू नका, ती मनानं चांगली आहे, मीच कधी तोंडावर म्हटलं नाही. आणि लेकीला म्हणावं, सगळ्याचा हिशेब लावत बसू नको. हं. आता एकच राहिलं. ते मी इतकी वर्षं म्हणेन म्हणेन म्हणत होते. मी गेल्यावर तुम्ही ना…"

आणि पुढे काही नाही.

बाई तोंडावर हात धरून रस्त्याकडे वळली होती. वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. भाऊ काउंटरच्या कडेवरची धूळ बोटानं गोळा करत होता.

म्हातारा वाट बघत बसला. मान थोडी तिरकी, घड्याळ कानाशी धरावं तशी. बराच वेळ. मग त्याच्या सुरकुत्या हळूहळू हलल्या. हसू होतं ते.

"गेली," तो म्हणाला. "ही अशीच. सत्तेचाळीस वर्षं. अर्धं बोलायची आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळायची. उरलेलं मी माझं समजून घ्यायचो." त्यानं खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरला. मग वर पाहिलं. "पूर्ण आहे ना रे हे?"

पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ चाळीस सेकंदांपर्यंत येऊन तुटली होती आणि पुढचा सगळा पट्टा करडा होता.

"पूर्ण आहे, काका," कंपौंडर म्हणाला, आणि काउंटरखाली त्यानं उजव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट मिटून घेतला.